चौदा न उघडलेली पत्रं

"पण उघडून वाचल्याशिवाय पत्र नीट जोडलं गेलंय हे कळणार कसं, चाचा?"

ऋतुराज खोतनं हा प्रश्न आठवड्यात तिसऱ्यांदा विचारला होता. दस्तगीरचाचांनी तिसऱ्यांदाही उत्तर दिलं नाही. ते आपले पुठ्ठ्याच्या पट्टीवरची धूळ सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले.

या पट्टीबद्दल आधी सांगायला हवं. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा, संगणकाच्या पडद्याएवढा रुंद. बिघडलेल्या फाइलीतून ई-मेल परत मिळवली की चाचा तपासायला ती उघडायचे, आणि उघडताना ही पट्टी पडद्यावर आडवी धरायचे. वर तारीख आणि नाव दिसायचं, खाली सही. मधला मजकूर पट्टीमागं. मजकूर किती अक्षरांचा, ते माप संगणक आकड्यांत देतोच, ते जुळलं की झालं. पुढचं पत्र.

आणि जे पत्र मालकानं स्वतःच अजून उघडलं नाही, ते चाचा पट्टी लावूनसुद्धा उघडत नसत. नुसतं माप जुळवायचे.

ऋतुराजला हा सगळा म्हातारचळ वाटायचा. पुण्याची चांगली नोकरी सोडून तो मिरजेला या माणसाकडं शिकायला आला होता, ते काय पुठ्ठा धरायला?

चाचांची तेहतीस वर्षं टपाल खात्यात गेली होती. पावसात भिजलेली, पोत्यात फाटलेली पत्रं डिंकानं जोडायचं काम बहुतेक वेळा त्यांच्याकडंच यायचं. पोस्टकार्डाला तर पाकीटही नसतं. ते हातात आलं की चाचा पत्त्याची बाजू वर करायचे. निवृत्तीनंतर साठाव्या वर्षी ते संगणक शिकले, आणि आता फुटक्या फाइली घेऊन लोक पार बेळगावहून त्यांचं दार शोधत येत होते.

तशाच एस्तेर गायकवाड आल्या.

मिरजेतल्या इस्पितळात उभं आयुष्य नर्स म्हणून गेलं, त्यामुळं अजूनही सगळं गाव त्यांना सिस्टरच म्हणायचं. संगणकाचा डबा रिक्षातून मांडीवर घेऊन आल्या होत्या. बसल्या, आणि पाणीसुद्धा न पिता सगळं सांगून टाकलं.

त्यांची थोरली बहीण रूथ कॅनडात होती. आई गेली तेव्हा रूथ मातीला आली नाही. सिस्टरनी तिला लिहिलं, यापुढं मला पत्र पाठवू नकोस. तरी रूथची पत्रं येत राहिली. दोन वर्षांत सतरा. सिस्टरनी एकही उघडलं नाही. आलं की काढून टाकायचं, आणि कचरापेटीही लगेच रिकामी करायची.

मार्चमध्ये रूथ गेली.

त्यानंतर सिस्टर रोज संगणकासमोर बसून ती पत्रं शोधत होत्या. अशाच एका दुपारी वीज गेली. अकरा वर्षांची सगळी पत्रं ज्या एका फाइलीत साठलेली, ती फाइलच उघडेना.

"बाकीचं नाही मिळालं तरी चालेल," त्या म्हणाल्या. "ती सतरा बघा."

चाचांनी त्यांना धीर दिला. आपण पत्र काढून टाकतो तेव्हा यादीतून नुसतं नाव खोडलं जातं, पत्र कोपऱ्यात पडून असतं, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. ते ऐकताच सिस्टरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. हजारो माणसांना इंजेक्शनं दिलेली बाई, पण रुमाल सापडेना त्यांना.

काम चाचांनी ऋतुराजकडं दिलं.

आणि खोटं कशाला बोला, पोराचे हात गुणी होते. पहिल्या दिवशी त्यानं फाइलीची नक्कल करून मूळ फाइल कपाटात ठेवली, जसं शिकवलं होतं तसं. मग सहा दिवस एकेक तुकडा वेचून जागेवर बसवला. जेवायचंही भान नव्हतं. अकरा वर्षांतली साडेनऊ वर्षं परत आली. आणि सहाव्या दिवशी सकाळी त्या सतरातली चौदा पत्रं यादीत एकाखाली एक उभी राहिली. ठळक काळ्या अक्षरांत. न उघडलेलं पत्र असंच ठळक दिसतं, उघडलं की अक्षरं बारीक होतात.

ऋतुराजची छाती फुगली. का फुगू नये?

चाचा नमाजाला गेले होते. ऋतुराजनं यादीतलं शेवटचं पत्र उघडलं. फुटक्या फाइलीत मराठी अक्षरांचे कधी कधी नुसते चौकोन होतात, ते झाले नाहीत ना, एवढंच बघू, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पट्टी टेबलावर हाताशीच होती.

चौकोन झाले नव्हते. पहिली ओळ स्वच्छ होती. दुसरीही. मग त्याला थांबता आलं नाही.

पत्रात काय होतं ते इथं सांगायचं नाही. ते पत्र आपलंही नाही.

पत्र शेवटपर्यंत वाचून झालं. मग तो भानावर आला. यादीत तेरा पत्रं ठळक होती आणि एक बारीक. त्यानं एक कळ दाबली, 'न वाचलेलं' अशी खूण केली, आणि चौदावंही ठळक झालं. कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता.

चार वाजता सिस्टर आल्या. इस्त्रीची पांढरी साडी, केस नीट बांधलेले, जणू कुणाला भेटायला निघाल्यात.

चाचांनी खुर्ची दिली. सतरातली चौदा मिळाली, तीन गेली, ती माझ्याच्यानं आता आणवणार नाहीत, असं सरळ सांगितलं. काम ऋतुराजनं केलंय, हेही सांगितलं. मग पडदा त्यांच्याकडं वळवून स्वतः बाजूला उभे राहिले.

सिस्टर त्या चौदा काळ्या ओळींकडं बघत राहिल्या. प्रत्येक ओळीत रूथचं नाव.

त्यांचा हात माउसवर गेला… आणि मागं आला.

"शिव्याच असतील," त्या म्हणाल्या. "असू देत. मी त्याच ऐकायला आलेय."

पुन्हा हात गेला. पुन्हा मागं आला.

ऋतुराजला ते बघवेना. या बाईच्या मनावरचं ओझं आपल्या एका शब्दानं उतरणार आहे, आणि आपण मुकाट उभे आहोत, असं त्याला झालं.

"सिस्टर, घाबरू नका," तो म्हणून गेला. "रागावलेल्या नाहीत त्या. शेवटच्या पत्रात त्यांनी तर…"

तो थांबला. पण उशीर झाला होता.

…

सिस्टरनी मान वळवली. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही वाचलंत?"

ऋतुराजनं मान खाली घातली.

"आईच्या मातीपासून तिचा एक शब्द माझ्या कानावर नाही," त्या हळू म्हणाल्या. "पहिला शब्द काय असेल, याचाच विचार करत रात्री काढल्या मी. तो तिच्याकडून ऐकायचा होता हो."



मग सिस्टर उठल्या. सगळी पत्रं उतरवलेला पेनड्राइव्ह चाचांकडून घेऊन त्यांनी पर्समध्ये ठेवला. घरी जाऊन वाचते म्हणाल्या. जाताना ऋतुराजच्या खांद्यावर हात ठेवला. तुमच्या मनात वाईट नव्हतं, मला कळतं ते, म्हणाल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुखण्यावर हात ठेवलेली बाई, स्वतःचं दुखणं बाजूला ठेवून त्याचीच समजूत काढून गेली. ऋतुराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रिक्षाचा आवाज लांब गेला. चाचांनी दोन कप चहा ओतला आणि एक त्याच्यापुढं सरकवला. त्यानं कप उचलला नाही.

"चाचा, मी ते लगेच पूर्ववत केलं होतं." त्याचा आवाज त्याला स्वतःलाच केविलवाणा वाटला. "यादी बघा हवं तर. चौदाच्या चौदा न वाचलेली आहेत. एका कळीचं काम असतं ते."

चाचांनी यादी बघितली. खरंच चौदा ओळी होत्या, सगळ्या ठळक.

त्यांनी पुठ्ठ्याची पट्टी उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"फाइलीत न वाचलेलं केलंस…" ते म्हणाले. "आता तुझ्यात कर."