हेमांगीचं ओके

“मग बाबा, तिचं ओके यातलं कुठलं?”

कांबळीबाबा शेळीच्या खुरात रुतलेला काटा काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“ओके,” ते म्हणाले.

प्राध्यापक मुकुंद खरवंडीकर थांबले. पुढे काहीतरी येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली…

काही आलं नाही. काटा तेवढा आला. शेळी लंगडत निघून गेली.

मठाच्या अंगणात पलीकडे येसाबाई पावटे सोलत बसल्या होत्या. मठातलं सारवण, शेणपाणी, आल्यागेल्याचं चहापाणी, सगळं त्यांच्याकडे. त्यांनी तिथूनच सांगितलं.

“साहेब, आज बेस्तरवार. बाबा गुरुवारचं मौन पाळत्यात. दिस मावळंस्तवर.”

“पण आत्ता बोलले की.”

“त्यो एक शबुद चालतो त्येंला.”

“एकच? आणि नेमका हाच?”

“मौनात आपली भाषा वापरायची न्हाई, असा हितला रिवाज हाय. थोरले बाबा हुते ते नुसतं ‘हूं’ म्हणायचे. ह्ये बाबा संसारात असताना ट्रकवर क्लीनर हुते. विंग्रजी म्हणून त्येंला तेवढंच येतं.”

देव कधीकधी फार बारीक चिमटा काढतो. ज्या शब्दाचा अर्थ विचारायला माणूस पुण्याहून घाट चढून आला, त्या शब्दाखेरीज गुरूच्या तोंडात आज दुसरं काही नव्हतं.

खरवंडीकर भाषाशास्त्राचे प्राध्यापक. रोजच्या मराठीत घुसलेल्या या एवढ्याशा इंग्रजी शब्दाचे त्यांनी बत्तीस अर्थ शोधून काढले होते. त्यावर ते दोन-दोन तास व्याख्यान देत, आणि कुणी उठून जात नसे. निदान ते तसं सांगत.

माणूस वाईट नव्हता. जरा शहाणा जास्त होता, एवढंच.

“मी पुन्हा सांगतो, बाबा.” त्यांनी आवाज खाली आणला, कारण येसाबाईंच्या शेजारी पावटे सोलायला बसलेली दुसरी बाई म्हणजे त्यांची बायको हेमांगी होती. “डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट ओके. म्हणजे घाबरू नका. साहेब फोनवर म्हणतात, ओके. म्हणजे आता फोन ठेवा. होस्टेलवरची मुलगी नुसतं ओके पाठवते. म्हणजे पैसे पोचले.”

“ओके,” बाबा म्हणाले. म्हणजे पुढे बोल.

“नाटक कसं वाटलं, तर ओके होतं. म्हणजे तिकिटाचे पैसे वाया गेले. भाजी कशी झाली, तर ओके. म्हणजे मीठ कमी आहे, पण घरात शांतता हवी आहे. ती आता ओके आहे, म्हणजे रडून झालंय. ट्रकच्या मागे लिहितात त्याचा अर्थ तर रंगवणाऱ्यालाही ठाऊक नसतो. तो माझा एकतिसावा.”

ट्रकचं नाव निघताच बाबांच्या मिश्या हलल्या. हसले असावेत.

“आता माझी अडचण ऐका.”

अडचण अशी. दिल्लीला एक मोठा शब्दकोश व्हायचा होता. तीन वर्षांचं काम, आणि त्याचं प्रमुखपद खरवंडीकरांना देऊ केलं होतं. आयुष्यभर याच एका निरोपाची त्यांनी वाट पाहिली होती. होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता. हेमांगीची पुण्यात शाळेतली नोकरी होती, घरात खरवंडीकरांची आई अंथरुणाला खिळलेली होती. तिला जाता येण्यासारखं नव्हतं.

“मी तिला सांगितलं, मी तीन वर्षं दिल्लीला चाललोय. ती म्हणाली, ओके.”

बाबा ऐकत होते.

“बस. तेवढंच. त्यानंतर ती नीट बोलते, नीट वाढते. भांडत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं… हा होकार आहे की राग आहे, की ‘मरा तिकडे’ आहे, मला कळत नाही. बत्तीसच्या बत्तीस लावून पाहिले. तिसरा बसतो. एकोणिसावाही बसतो. आणि दोघांचे अर्थ एकमेकांच्या उलट आहेत, बाबा. चुकीचा धरला तर माझं घर मोडेल.”

हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा व्याख्यानाचा आवाज गेला. नुसता माणसाचा राहिला.

बाबांनी अंगावरची कांबळी सारखी केली. मग एक बोट उचललं आणि स्वतःच्या चेहऱ्याभोवती गोल फिरवलं.

“ओके?”

“चेहरा? चेहऱ्याचा इथे संबंध नाही, बाबा. अर्थ शब्दात असतो. फार तर स्वरात. तिचा स्वर सपाट होता.”

बाबांचं बोट पुन्हा गोल फिरलं.

“चेहरा मी पाहिला नाही. मी कंप्युटरवर काम करत होतो. ती मागे उभी होती.”

“ओके,” बाबा म्हणाले, आणि उठले.

प्राध्यापकांना वाटलं, आता आत जाऊन काही अंगारा वगैरे देतात की काय. बाबांनी गाडीकडे हात केला.

सूर्य डोंगराला टेकायला आला होता.

“निघा म्हणत्यात,” येसाबाई हात झटकत उठल्या. “अंधार पडल्यावर ही वाट वंगाळ. आणि साहेब, हितं गाडी वळत न्हाई बरं का. येताना नाकासमोर, जाताना पाठमोरी. त्या खालच्या आंब्यापातुर मागं मागं जायाचं, तितं वळवायची. एका अंगाला दरी हाय.”

प्राध्यापकांनी दरीकडे पाहिलं. येताना ती त्यांना एवढी खोल वाटली नव्हती. गाडीचा मागचा कॅमेरा घाटातल्या चिखलानं आंधळा झाला होता.

“बाबा आहेत ना मागं बघायला?”

“हायेत की. समद्यांच्या गाड्या त्येच काढून देत्यात.”

पण बाबा गाडीच्या मागे गेले नाहीत. त्यांनी भिंतीशेजारचा एक चांगला थोरला दगड उचलला, तो पोटाशी धरला, आणि दरीकडच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. वेळ पडली तर चाकाखाली सरकवायला. मग मान वळवून त्यांनी हेमांगीला खूण केली, मागे उभी राहा.

“तिला?” प्राध्यापक म्हणाले. “तिला नाही जमायचं, बाबा. घाट आला की ती गाडीत डोळे मिटून बसते.”

“ओके,” बाबा म्हणाले.

हे ओके मात्र प्राध्यापकांना ताबडतोब कळलं. ते मुकाट्यानं गाडीत जाऊन बसले.

हेमांगीनं ओढणीला हात पुसले.

“मला खरंच येत नाही हो. मी काय म्हणू त्यांना?”

बाबांनी गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली.

“ओके,” ते म्हणाले.

“एवढंच?”

“ओके.”

ती मागे जाऊन उभी राहिली. प्राध्यापकांनी आरसा सरळ केला. आरशात हेमांगी दिसू लागली, मावळतीचं ऊन सगळं तिच्या तोंडावर.

गाडी मागे निघाली.

“ओके,” ती म्हणाली. हात हलला. या.

“ओके, ओके.” थोडं डावीकडे.

“ओ…के.” सावकाश, सावकाश.

प्राध्यापकांच्या कपाळावर घाम आला होता. नजर आरशावरून हलवायची सोय नव्हती. किती वर्षांनी ते तिच्याकडे असे एकटक बघत होते कोण जाणे. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते तिचे. ते कधी झाले? आणि भीती वाटली की ती खालचा ओठ डाव्या बाजूनं दातांत धरायची. ही सवय नवी होती, की लग्नापासूनची? त्यांना सांगता येईना.

“ओके,” ती म्हणाली. खालचा ओठ डाव्या बाजूनं दातांत गेला.

प्राध्यापकांनी कचकन ब्रेक दाबला. तिनं हात वर करायच्या आधीच दाबला.

चाकाखाली दगड सरकल्याचा आवाज आला. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहिलं. चाकापासून दरीची कड वीतभर लांब होती.

कितवा अर्थ, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

त्यांना आधी लाज वाटली. मग तिच्यावाचून आपलं काय झालं असतं याची भीती वाटली. आणि मग, का कोण जाणे, एकदम फार बरं वाटलं.

दगड निघाला. गाडी पुन्हा हलली, आणि ओके, ओके करत आंब्यापाशी पोचली. तिथे जागा ऐसपैस होती. प्राध्यापक उतरले. हेमांगीचं तोंड लाल झालं होतं.

“जमलं की मला,” ती म्हणाली.

“हेमा…”

“काय?”

“दिल्लीला जाऊ का मी?”

“तुम्ही ठरवलंय ना?”

“ठरवलं होतं. आता विचारतोय.”

ती दरीकडे बघत राहिली. मग त्यांच्याकडे वळली.

“ओके,” ती म्हणाली.

प्राध्यापकांनी पाहिलं. तोंड हसरं होतं. पण खालचा ओठ डाव्या बाजूनं दातांत होता.

“म्हणजे नको.”

“मी ओके म्हणाले.”

“ऐकलं मी. चाक कडेला आल्यावर म्हणालीस तसं म्हणालीस.”

ती हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि तिनं ते लपवले नाहीत.

“त्या दिवशी तुम्ही विचारलंच नव्हतं. सांगितलं होतंत. सांगितल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार?”

“मग आता म्हण.”

“तीन वर्षं फार होतात हो. आईंना मी एकटी कशी उचलू? आणि संध्याकाळी घरात नुसतं घड्याळ वाजत राहायचं…” तिनं नाक पुसलं. “पण तुमचं आयुष्यभराचं काम आहे, तेही मला कळतं. एक वर्ष जा. मग ते काम पुण्याला आणता येतं का बघा. आईंना माझी बहीण दिवाळीत सांभाळेल, तेव्हा मी येईन. मला दिल्लीची थंडी बघायची आहे.”

“एका वर्षात शब्दकोश होत नाही, हेमा.”

“ते मला नका सांगू. त्यांना विचारा.”

“आणि ते नाही म्हणाले तर?”

“तर तुम्ही ठरवा. पण माझ्याकडे तोंड करून.”

प्रमुखपद, दिल्ली, पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव, सगळं एकदा प्राध्यापकांच्या डोळ्यांपुढून गेलं.

“ओके,” ते म्हणाले.

हेमांगी एक पाऊल पुढे आली आणि त्यांचं तोंड निरखू लागली. वाण्याकडचा नारळ कानाशी हलवून बघावा तशी अगदी लक्ष देऊन.

“हे कितवं?” तिनं विचारलं.

प्राध्यापकांनी तोंड उघडलं. बत्तीस अर्थांतला एकही जवळ आला नाही.

वर मठात येसाबाईंनी दिवा लावला आणि घंटा दिली.

“बाबा, दिस मावळला,” त्यांनी वरून हाळी दिली. “सुटलं मौन.”

बाबा दगड पोटाशी धरून, गाडीच्या चाकांवरची नजर न हलवता उतारावरून सावकाश येत होते. प्राध्यापक घाईनं त्यांच्यासमोर गेले.

“बाबा, आता तुम्हीच हिला सांगा. मी आत्ता ओके म्हणालो ना, ते…”

बाबांनी दगड आंब्याच्या बुंध्याशी ठेवला. हातांची माती झटकली.

“मला काय इचारतोस?” ते म्हणाले. “मी चाकाकडं बघत हुतो.”