हाकेला दिलेली ओ

भाविकहो, आपल्या वसईच्या मातीत जन्मलेले फादर लोरेन्स रुमाव आफ्रिकेतल्या एका मोठ्या सरोवराकाठी, न्यालिरा नावाच्या कोळ्यांच्या गावी जाऊन राहिले, तेव्हाची ही गोष्ट. गवताने शाकारलेलं प्रार्थनाघर त्यांनी स्वतःच्या हातांनी उभारलं. हळूहळू माणसंही जमू लागली. पण संध्याकाळच्या प्रार्थनेला एक विचित्र अडचण येई. फादर म्हणत, "प्रभू तुमच्याबरोबर असो," आणि उत्तरासाठी थांबत. कोणी तोंड उघडत नसे.

त्या गावाचा नेमच होता, दिवस मावळला की कुणाच्या हाकेला ओ द्यायची नाही. सरोवरात बुडालेली माणसं ओळखीच्या आवाजात हाका मारतात आणि ओ देणाऱ्याला घेऊन जातात, असं सारे मानत. एकटी अकेलो तेवढी उत्तर देई. ती मासे धरायच्या टोपल्या विणणारी विधवा, नवरा सरोवरानेच नेलेला. ओ द्यायला भिऊ नकोस, असं फादरांनी सांगितलं आणि तिने ते ऐकलं, बस्स.

ओगोलाला हे मुळीच खपत नसे. गावातली सगळ्यात मोठी होडी त्याची, त्यामुळे मान नेहमी ताठ. अकेलो दिसली की तो विचारी, काल नवऱ्याशी गप्पा झाल्या का? लोक हसत. एकदा तर त्याने फादरांना तोंडावर सुनावलं, की ही बाई एक दिवस सगळ्या गावाला पाण्यात नेईल. 

गर्वाचं घर खाली, म्हणतात ते खोटं नाही. एका तिन्हीसांजेला ओगोला एकटाच जाळं ओढत होता, तोच पाण्यातून चिलटांचा ढग उठला. त्या सरोवरावर असे ढग उठतात, धुरासारखे दाट. नाकातोंडात चिलटं, डोळे उघडेनात. त्यात वारा सुटला आणि होडीत पाणी येऊ लागलं. ओगोलाने जिवाच्या आकांताने आईला हाक मारली, शेजाऱ्यांची नावं घेतली. किनारा फार दूर नव्हता. हाक पोचत होती हे त्याला ठाऊक होतं, आणि कोणी ओ का देत नाही हेही. आई कानांत बोटं घालून बसली असणार. बाप बुडाला तेव्हा ते तिला ओगोलानेच शिकवलं होतं.

मग लांबून एक बारीक आवाज आला, "ओ, ओगोला." अकेलो. पण वाऱ्यात तो विरून गेला, दिशा कळेना.

तीच ओ पुन्हा आली, पण या वेळी पुरुषाच्या आवाजात, पाण्याच्या पातळीवरून. मग आणखी एक, त्याहून जवळ. एकाने घ्यावी आणि पुढच्याला द्यावी, तशी ती किनाऱ्याकडून होडीकडे येत होती. ओगोलाच्या अंगावर काटा आला. सगळे आवाज ओळखीचे होते. अकेलोचा नवरा. त्याचा स्वतःचा चुलता. आणि अगदी होडीला लागून, हळूच, "ओ, पोरा." तो त्याचा बाप होता.

पळणार कुठे? ओगोलाने होडी त्या आवाजाकडे वळवली. एक आवाज मागे पडला की पुढचा ओ देई. कुणीही होडीला हात लावला नाही.

होडी वाळूला लागली तेव्हा अकेलो कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, घसा बसलेला. फादर शेजारी प्रार्थना करत होते. हाक ऐकून ती त्यांच्याकडेच धावली होती, हा ओगोला की सरोवर, हे विचारायला. कोणीही असो, ओ दे, असं ते म्हणाले होते.

ओगोला फादरांच्या पायांवर कोसळला. "फादर, माझा बाप होता तिथे. सगळे होते."

"असणार," फादर म्हणाले. "इतकी वर्षं त्यांच्या हाकेला तुम्ही ओ दिली नाहीत. त्यांनी मात्र तुझ्या हाकेला दिली."

केवढी ही प्रभूची दया! ओगोला उठला आणि अकेलोपुढे ओल्या वाळूत त्याने कपाळ टेकलं. तसाच तो पडला असताना पाण्यावरून पुन्हा एक हाक आली, बापाच्या आवाजात, त्याच्या आईच्या नावाची. गावात कुठलंसं दार करकरलं. "ओ," म्हातारी म्हणाली, "ऐकतेय मी." ओगोलाने डोकं वर केलं नाही.