चिपसेटची मुभा

एका व्यापाऱ्याला एकदा फार घाई झाली आणि त्या घाईपायी एक शिष्या चांगलीच गोंधळात पडली, त्याची ही गोष्ट.

एका तालुक्याच्या गावी संगणक जुळवून देणारे आणि दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ होते. आडनाव घैसास. आयुष्यभर त्यांनी तंत्रशाळेत शिकवले होते, त्यामुळे गाव त्यांना मास्तरच म्हणे. मास्तर मोजके बोलत. निवृत्तीनंतर त्यांनी बाजारपेठेत एक गाळा घेतला आणि तिथेच ज्याला शिकायचे असेल त्याला ते शिकवीत.

त्यांच्याकडे वैजयंती नावाची एक बाई शिकायला येत असे. वय पस्तिशीचे. याआधी तिने दहा वर्षे शिकवणीवर्गात गणित शिकवले होते. गणितात प्रश्न कितीही अवघड असला तरी त्याचे उत्तर एकच असते आणि ते पुस्तकाच्या शेवटी छापलेले असते, याची तिला सवय झाली होती. वर्षभरात ती संगणकाचा प्रत्येक भाग ओळखायला शिकली. आता एखादे काम मास्तरांनी आपल्यावर सोपवावे, असे तिला मनापासून वाटत होते.

अशात फरशीचे व्यापारी मोतीलालशेठ गाळ्यात आले. जिल्ह्याच्या प्रदर्शनात त्यांना आपली फरशी बसवलेल्या एका घराची छोटी चित्रफीत दाखवायची होती. घर खरे नव्हते, संगणकावर रचलेले होते. चित्रफितीतले प्रत्येक चित्र संगणकाने हिशेब करून रंगवायचे होते आणि अशी चित्रे होती अडीच हजार.

"प्रदर्शन बारा दिवसांवर आलंय, मास्तर," शेठ म्हणाले. "प्रोसेसर मी भारीतला आणलाय. ओव्हरक्लॉक होणारा. त्याला असा पळवा, की चित्रं भराभर पडली पाहिजेत."

ओव्हरक्लॉक करणे म्हणजे प्रोसेसरला, म्हणजे संगणकाचा सगळा हिशेब करणाऱ्या चिपला, कारखान्याने नेमून दिलेल्या वेगाहून अधिक वेगाने चालवणे. पण प्रोसेसर एकटा चालत नाही. तो मदरबोर्ड नावाच्या मुख्य पाटीवर बसतो आणि त्या बोर्डावरच्या चिपसेटने, म्हणजे सगळ्या भागांचा मेळ घालणाऱ्या चिपने, मुभा दिली तरच त्याचा वेग वाढवता येतो.

मास्तरांनी प्रोसेसरची डबी उचलून वैजयंतीच्या हातात दिली. "बोर्ड तू निवड," ते म्हणाले.

तिला आनंद झाला. गोंधळ त्यानंतर सुरू झाला.

तिने इंटरनेटवर वाचायला घेतले. एकाचे म्हणणे होते, सर्वांत नवा चिपसेट घ्या. दुसरा सांगत होता, नव्यात आणि जुन्यात काडीचाही फरक नाही. तिसऱ्याने तक्ता दिला होता, त्यात बावीस रकाने होते. चौथ्याने तो तक्ताच चुकीचा ठरवला होता. दुपारपर्यंत तिने वहीची सहा पाने भरली आणि सकाळी जे समजले होते तेही समजेनासे झाले.

"मास्तर, ओव्हरक्लॉकसाठी सर्वांत चांगला चिपसेट कोणता?" तिने सरळच विचारले.

"तुला काय वाटतं?"

"मला वाटण्याचा प्रश्न नाही. काहीतरी एक उत्तर असेलच की!"

मास्तर हसले आणि हातातल्या कामाकडे वळले.

गाळ्यात त्या वेळी तीन बोर्ड होते. पहिला मधल्या श्रेणीचा. त्याचा चिपसेट वेग वाढवू देत नसे. दुसरा एक पिढी जुना, जाड, काळपट, पण वरच्या श्रेणीचा. तिसरा यंदाचाच, सर्वांत वरच्या चिपसेटचा. त्याच्या खोक्यावर चिपसेटचे नाव भल्या मोठ्या अक्षरांत होते आणि बोर्डाच्या कडेने रंगीत दिवे लागत.

तिने आधी मधल्या बोर्डावर प्रोसेसर बसवून पाहिला. कारखान्याच्या वेगाने एका चित्राला सहा मिनिटे लागली. तिने गुणाकार केला. अडीच हजार चित्रांना दहा दिवसांहून अधिक लागणार होते. यंत्र शेठकडे पोहोचेपर्यंत दहाच दिवस उरले असते. म्हणजे हा बोर्ड बाद. उरलेल्या दोहोंतून तिने नवा निवडला. दोन्ही मुभा देतात, तर मग नवा का घेऊ नये? तिला हे तर्कशुद्ध वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ आले. वैजयंतीने वेग वाढवला, चित्र लावले आणि सगळे घड्याळाकडे पाहत उभे राहिले. बरोबर पाच मिनिटांत चित्र पूर्ण झाले.

"वा! वा, ताई!" शेठ म्हणाले. "म्हणजे प्रदर्शनाच्या आत सहज होणार. उद्या सकाळी गाडी पाठवतो."

शेठ गेले. वैजयंतीने मास्तरांकडे पाहिले. ते काहीतरी चांगले बोलतील अशी तिची अपेक्षा होती. मास्तरांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि त्याने यंत्राचा पडदा नीट झाकून टाकला.

"प्रत्येक चित्र संपलं की घंटी वाजेल असं करून ठेवलंय," ते म्हणाले. "घंटी वाजली की वेळ लिहायची. पंचा काढायचा नाही, यंत्राला हात लावायचा नाही. संध्याकाळपर्यंत."

"पण का?"

"लिही तर खरं."

मास्तर आपल्या जागेवर जाऊन एका जुन्या प्रिंटरचे रोलर पुसू लागले. वैजयंती वही घेऊन झाकलेल्या पडद्यासमोर बसली. तिला प्रथम रागच आला. दहा वर्षे शाळकरी मुलांना तिने असेच समोर बसवून पाढे लिहायला लावले होते. आता मास्तर आपल्यालाही त्यांच्यात बसवत आहेत का? आपले काही चुकले असेल तर तसे सांगावे. चुकले नसेल, तर एवढी छान चाललेली गोष्ट झाकून कशाला ठेवावी?

घंटी वाजली. पाच मिनिटे. पुन्हा वाजली. पाच मिनिटे. पहिला अर्धा तास असाच गेला आणि तिला कंटाळा येऊ लागला. मग एक चित्र साडेपाच मिनिटांनी आले. आपलेच लक्ष नव्हते असे समजून तिने तेवढे लिहिले. पुढचे सहाला आले. त्यापुढचे सातला.

ती भिंतीवरच्या घड्याळाकडे संशयाने पाहू लागली. मोबाइल काढून ताडून पाहिला. घड्याळ बरोबर होते. वेग तर तिने स्वतः ठरवून दिला होता, तो कुणी बदललेला नव्हता. आठ मिनिटे. पुन्हा आठ मिनिटे. वाढवलेल्या वेगाचे यंत्र न वाढवलेल्यापेक्षा हळू कसे चालेल? तिच्या गणितात हे बसेना.

मग तिला एक शक्यता सुचली. पुढची चित्रे मुळातच अवघड असतील. जास्त उजेड, जास्त सावल्या. तसे असेल तर वेळ वाढणारच. तिला हायसे वाटले.

"मास्तर, सकाळचं पहिलं चित्र पुन्हा लावून बघू?"

"बघ."

त्यांनी पंचा क्षणभर वर उचलला. तिने पहिले चित्र लावले. पंचा पुन्हा खाली आला. पाच मिनिटे झाली, घंटी वाजली नाही. सहा झाली. सात झाली. तिच्या हातातली पेन्सिल तशीच थांबली. सव्वाआठ मिनिटांनी घंटी वाजली. तेच चित्र, तेच यंत्र, तोच ठरवलेला वेग, आणि सकाळी शेठना दाखवलेले पाच मिनिटांचे चित्र आता सव्वाआठ मिनिटे घेत होते.

"मला काहीच कळत नाहीये," ती म्हणाली. तिच्या आवाजात आता राग उरला नव्हता. "उद्या सकाळी गाडी येईल. मी शेठना काय देऊ?"

मास्तर उठून आले. प्रोसेसरच्या कडेला बोर्डावर काही छोटे काळे चौकोन ओळीने बसवलेले होते. त्यांवर उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी नव्हती, ते उघडेच होते. "तिथे जवळ हात ने. लावू नकोस," मास्तर म्हणाले.

तिने हात नेला आणि झटकन मागे घेतला. शिट्टी देणाऱ्या कुकरजवळ यावी तशी धग तिच्या बोटांना लागली होती.

"प्रोसेसरला वीज पोहोचवतात ते हे," मास्तर म्हणाले. "त्याचा वेग वाढवलास की तो जास्त वीज मागतो. ती सगळी यांच्यातून जाते. पहिला अर्धा तास यांनी ओढून नेलं. मग तापले. जळू नयेत म्हणून बोर्डानेच प्रोसेसरला मागे खेचलं, आणि मूळ वेगाच्याही खाली आणून ठेवलं. चिपसेट फक्त मुभा देतो, वैजयंती. भार यांच्यावर पडतो. तू मुभा कोण देतं ते सहा पानं लिहून काढलंस. भार कोण घेतं ते एकदाही विचारलं नाहीस."

तिने वहीतली ती सहा पाने चाळली. मग म्हणाली, "आणि पडदा कशाला झाकलात?"

"पडदा उघडा असता, तर वेग जरा घसरताच तू काहीतरी बदलत बसली असतीस. दर दहा मिनिटांनी नवा उपाय. यंत्राचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं नसतंस."

"हे सगळं तुम्ही कालच सांगू शकला असतात."

"सांगितलं असतं, तर तू सातवं पान लिहिलं असतंस."

वैजयंतीला हसू आले, पण समाधान झाले नव्हते. "मग सर्वांत चांगला चिपसेट कोणता? त्याला उत्तरच नाही का?"

"अर्धं आहे," मास्तर म्हणाले. "मुभा न देणारा घेऊन चालणार नाही, तो तू बरोबर बाजूला काढलास. पण मुभा मिळाली की प्रश्न संपत नाही. उरलेलं अर्धं चिपसेटच्या बाहेर आहे."

तिने जुना, काळपट बोर्ड काढला. त्याच्या कडेचे चौकोन दुप्पट होते आणि त्यांच्यावर धातूची जाड पट्टी घट्ट बसवलेली होती. काल ती पट्टी पाहून तिला बोर्ड ओबडधोबड वाटला होता. तिने प्रोसेसर त्यावर बसवला, तोच वेग ठेवला आणि पडदा मात्र आता स्वतःच झाकून घेतला. दुपारभर घंटी पाच मिनिटांनी वाजत राहिली. मधूनच एखाद्या घंटीला उशीर व्हायचा. तो का होतो, हे तिला नीटसे समजले नाही, पण यंत्रावर ताण पडतो आहे एवढे समजले. तिने वेग एक पायरी खाली आणला. आता घंटी सव्वापाच मिनिटांना येऊ लागली आणि मग गाळा बंद करण्याची वेळ होईपर्यंत तिच्यात फरक पडला नाही. काळ्या चौकोनांजवळ तिने हात नेला. कोमट होते.

आता शेठना सांगायचे राहिले होते.

"मास्तर, तुम्ही फोन करता का? तुमचं ते ऐकतील."

"बोर्ड तू निवडला होतास," मास्तर एवढेच म्हणाले.

तिने फोन लावला. "शेठ, सकाळी मी तुम्हाला पाच मिनिटांचं चित्र दाखवलं, ते पहिल्या अर्ध्या तासापुरतंच खरं होतं. त्या बोर्डावर नंतर आठ मिनिटं लागायला लागली. मी बोर्ड बदललाय."

"म्हणजे?" शेठचा आवाज चढला. "मी प्रदर्शनवाल्यांना शब्द देऊन बसलोय. आता किती लागतात?"

"सव्वापाच. पण दिवसभर सव्वापाचच."

"सकाळच्यापेक्षा जास्तच की!"

"हो. सकाळचं यंत्र नेलं असतंत, तर प्रदर्शन उठल्यावर चित्रफीत तयार झाली असती. हे उद्या सकाळी सुरू केलंत, तर नऊ दिवस आणि काही तासांत होईल. पाऊण दिवस हातात राहतो. माझी निवड चुकली होती, शेठ."

पलीकडे पुटपुटत दिवस मोजल्याचे ऐकू आले. मग शेठ म्हणाले, "चुकली होती हे तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. नाहीतर मी यंत्रालाच शिव्या देत बसलो असतो. गाडी उद्याच येईल."

यंत्र गेले. पुढचे नऊ दिवस वैजयंती रोज संध्याकाळी फोन करून किती चित्रे झाली ते विचारी आणि वहीत लिहून ठेवी. दहाव्या दिवशी दुपारी शेठचाच फोन आला. शेवटचे चित्र पडले होते. तिने मास्तरांना सांगितले. मास्तर प्रिंटर जोडत होते, त्यांनी मान हलवली. त्या वेळी तिला जाणवले, की आपल्याला शाबासकी हवी होती आणि आता तिची तेवढी गरज वाटत नाही. ती त्यांच्या शेजारी बसली आणि तिने एक स्क्रू त्यांच्या हातात दिला.

कुणी आपल्याला मुभा दिली, की आपला वेग वाढवायला आपण मोकळे झालो असे आपल्याला वाटते. त्या वेगाचा भार घरातल्या, कामावरच्या ज्या माणसांवर पडतो, त्यांच्याजवळ एकदा हात नेऊन पाहावा.