हैबतीनं गर्दी अडवली

डोंगराच्या पायथ्याशी केळंबी नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात हैबती नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? चुलीवरच्या दुधावर लक्ष ठेव म्हटलं की तो लक्ष ठेवायचा. दूध उतू जायला लागलं की आणखी नीट लक्ष ठेवायचा.

त्याची थोरली बहीण सोनाक्का मात्र हुशार. गावाच्या वर डोंगरात त्यांचं एक पठार होतं. दगड आणि गवत, दुसरं काही पिकायचं नाही. शहरातली माणसं गर्दीला वैतागून डोंगरात राहायला येतात, असं अक्काच्या कानावर आलं. तिनं गळ्यातली बोरमाळ मोडली आणि पठारावर तीन तंबू ठोकले.

"हैबती," ती म्हणाली, "हे चाललं तर आपण हितंच डोंगरात ऱ्हाऊ. न्हाई चाललं तर तंबू इकायचे, आन तू तालुक्याला मामाच्या भातगिरणीत पोती उचलायला जायचं."

गिरणीत हैबती एकदा जाऊन आला होता. दिवसभर धडधड, तोंडात कोंडा, आणि कुठूनही डोंगर दिसत नाही. डोंगर दिसला नाही की त्याला घास गिळवत नसे. बिचाऱ्यानं मनाशी ठरवलं, अक्का सांगेल ते अगदी तस्संच करायचं. सगळी गडबड झाली ती यामुळेच.

पहिल्यांदा आलं एक नवं लग्न झालेलं जोडपं. अक्का म्हणाली, "वाट निसरडी हाय. पावण्यास्नी एकटं सोडू नको."

"बरं अक्का."

जोडपं कड्यावर जाऊन बसलं. हैबती दोघांच्या मधे बसला. नवरा म्हणाला, "तुम्ही जा आता." हैबती म्हणाला, "जातो की. कुठं जायचं आपण?" बायको झाडीआड निघाली, तर हा तिच्या मागं. नवरा तिला हाका मारत धावला, तर हा दोघांच्या मागं. दुपारच्या आत जोडपं गाडीत बसलं. हैबतीही गाडीत बसला. त्याला खाली उतरवायला ड्रायव्हर आणि नवरा दोघं लागले.

अक्कानं कपाळावर हात मारला. "आरं येड्या, मानसं हितं एकांताला येत्यात. पावण्याला जागेवर टेकवायचं, पाठ फिरवायची आन मागं न बघता निघून यायचं."

"असं व्हय? बरं अक्का. आता तसंच करतो."

मग आले एक पेन्शनर, गोडबोले आजोबा. अंगानं भारदस्त, गुडघे दुखरे. वाटेत ओढा होता, छातीइतक्या पाण्याचा. हैबतीनं आजोबांना पाठुंगळीला घेतलं. ओढ्याच्या मधोमध आजोबा म्हणाले, "अरे, पायात गोळा आला. जरा त्या खडकावर टेकव मला."

हैबतीनं टेकवलं. पाठ फिरवली. निघून आला.

"अहो! अहो हैबतराव!" आजोबा ओरडत होते. हैबतीला ऐकू येत होतं. मागं वळून बघावंसं फार वाटत होतं, पण त्यानं मन घट्ट केलं. आजोबा तीन तास खडकावर होते. शेवटी एका म्हशीवाल्यानं त्यांना म्हशीवर बसवून काठाला आणलं. आजोबांनी म्हशीचे आभार मानले आणि घर गाठलं.

अक्का रडायच्या बेताला आली. "आरं, पावण्याची हाक कानावर पडली की हातातलं टाकायचं, आन जिकडनं हाक आली तिकडं पळत सुटायचं!"

"आधी सांगायचं न्हाई का अक्का? आता तसंच करतो."

पुढच्या आठवड्यात पाच बाया आल्या. शाळेतल्या मास्तरणी, हसऱ्या आणि भुकेल्या. त्या कड्याच्या टोकाशी बसल्या. हैबती खालून पिठल्याचं पातेलं आणि भाकऱ्यांची टोपली घेऊन येत होता. मास्तरणींनी हाक मारली, "हैबतीऽऽ, जेवण आणाऽऽ!"

दरीपलीकडच्या कड्यावर हाक आपटली आणि तिकडून स्पष्ट आवाज आला, "हैबतीऽऽ, जेवण आणाऽऽ!"

आता हाक आली पलीकडून. हैबतीनं पातेलं टाकलं. टोपली टाकली. धाडधाड दरीत उतरला, करवंदीच्या जाळीतून पलीकडचा कडा चढला. पोचायला तीन वाजले. तिथं कुणीच नव्हतं. त्यानं हात उंच करून आरोळी ठोकली, "आलोऽऽ!"

इकडच्या कड्यावरून उत्तर आलं, "आलोऽऽ!"

हैबतीला हायसं वाटलं. म्हणजे तिकडं दुसरं कुणीतरी पोचलं. आता आपली गरज नाही. तो झाडाखाली आडवा झाला आणि घोरायला लागला. मास्तरणींनी पर्समधल्या गोळ्या चघळल्या आणि त्या तरातरा डोंगर उतरल्या. पिठलं माकडांना आवडलं.

अक्का या वेळी ओरडली नाही. हळूच म्हणाली, "आता एकच पावना ऱ्हायला, हैबती. डबीर सायेब. शहरातली मानसं डोंगरात फिरवायचा त्यांचा धंदा हाय. त्यांना जागा आवडली तर साऱ्या हिवाळ्यात तंबू मोकळा ऱ्हायचा न्हाई. न्हाई आवडली तर..." तिनं तालुक्याच्या दिशेनं बोट दाखवलं. हैबतीच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हनून सांगते. एकट्याच्या डोक्यानं कायबी करू नको. काम कसलंबी असू दे, आधी चार मानसं संगं घ्यायची."

"बरं अक्का. चार."

डबीर साहेब आले. पठार बघितलं, वारा खाल्ला, बेहद्द खूश झाले. "वा! मला एकच गोष्ट लागते," ते म्हणाले. "गर्दी नको. मी दोन तास पडतो. इथं चिटपाखरूही फिरकू देऊ नका." आणि तंबूत शिरून त्यांनी चेन लावून घेतली.

अक्का मागच्या चुलीवर कोंबडी शिजवायला गेली. जाता जाता म्हणाली, "ऐकलंस न्हवं? गर्दी होऊ देऊ नको."

काम तर आलं. हैबती पळत गावात गेला आणि चार माणसं घेतली. मग त्याला वाटलं, या चौघांनी तरी एकट्याच्या डोक्यानं का करावं? त्यानं प्रत्येकाला सांगितलं, "तूबी चार मानसं घे." त्या सोळा जणांनाही त्यानं तेच बजावलं. पुढचा हिशेब तुम्हीच करा. केळंबीची माणसं मदतीला कधी मागं हटत नाहीत. कुणी लेकरं घेऊन आलं, कुणी शेळ्या. पाटलांना उभं राहवत नव्हतं, म्हणून त्यांना खाटेसकट आणलं.

दोन तासांनी साहेबांनी चेन उघडली. तंबूभोवती माणसांची सात कडी होती. सगळ्यांची तोंडं तंबूकडे, सगळ्यांची बोटं ओठांवर. एक शेळी तंबूची दोरी खात होती.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"राखन हाय सायेब," हैबती कुजबुजला. "बिनघोर पडा. एकबी मानूस आत सोडला न्हाई."

अक्का झारा हातात घेऊन धावत आली. डबीर साहेबांनी एकदा गावाकडे बघितलं, एकदा खाटेवरच्या पाटलांकडे बघितलं, आणि ते खो खो हसत सुटले. डोळे पुसत म्हणाले, "बाई, माणसं लाख मोलाची आहेत तुमची. जागा मला पसंत आहे. फक्त एवढं करा, यांना आत्ताच्या आत्ता खाली पाठवा. गर्दी बघितली की मला धडकी भरते."

अक्काच्या जिवात जीव आला. "हैबती, धाड सगळ्यास्नी घरला!"

"त्यांनी जायचं कशाला?" हैबती म्हणाला. "एवढ्या मानसांची गर्दी हुईल, ही धास्ती मलाबी पडलीच हुती अक्का. म्हनून ह्यांना आवरायला मी खालच्या चारी गावांस्नी सांगावा धाडलाय. ती बगा, घाट चढायला लागली."