राक्षसाचे संवाद

वैजयंती घोलपच्या 'काळकड्याचा राक्षस' या कादंबरीवर भूपतराव सरनौबत सिनेमा काढायला निघाले, आणि पहिली कुऱ्हाड राक्षसाच्या मुकेपणावरच पडली. राक्षस मुका आणि त्याचं मन ओळखायला सगळं खोरं हळूहळू शिकतं, हीच तर तिची गोष्ट. पण राक्षसाच्या भूमिकेला भूपतरावांनी मोठा नट घेतला होता, आणि मोठ्या नटाला टाळ्यांचे संवाद हवेतच.

करारावर सही करायच्या दिवशी तो नटही कोल्हापूरच्या ऑफिसात हजर होता.

"बाई, राक्षस बोलणार. दोन गाणीही म्हणणार," भूपतराव म्हणाले. "हल्ली पुस्तकं वाचतंय कोण? मूळ गोष्ट कुणाला ठाऊक असते?"

मंडळी हसली. सही केली की आपला राक्षस गेला, हे वैजयंतीला दिसत होतं. तरी तिने पेन उघडलं.

"चालेल, साहेब. गोष्ट फुकट घ्या. फक्त सिनेमाला दुसरं नाव द्या आणि पुस्तकाचा उल्लेख कुठेही नको."

भूपतराव खुर्चीत पुढे सरकले. "असं कसं? नावावरच तर सगळं आहे. पहिल्या दिवशी लोक त्या नावासाठीच येणार."

"म्हणजे पुस्तक वाचलेलेच येणार," वैजयंती म्हणाली. "राक्षस मुका आहे हे ज्यांना पक्कं ठाऊक आहे, नेमकं त्यांनाच तुम्ही त्याची गाणी ऐकवणार?"

भूपतराव आढ्याकडे बघू लागले. नटाने मात्र हातातले संवादांचे कागद त्यांच्यासमोर ठेवले.

"साहेब," तो म्हणाला, "मी गप्पच बसतो."