निखाऱ्याची वाट

फार फार पूर्वी, घरोघरी चुलीतला विस्तव राखेखाली झाकून जपत आणि विझलाच तर शेजारून मागून आणत, त्या काळची ही गोष्ट. लहानांनो, तुम्ही ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच कान देऊन ऐका, कारण गोष्ट तुमची आहे.

एका पठारावर एक लहानसं राज्य होतं. तिथला राजा भला होता, कष्टाळू होता, पण त्याला एक खोड होती. कुठलीही गोष्ट पाहिली की तिच्यात जास्तीचं काय आहे, ते तो आधी शोधायचा. दोघांचं काम एकात भागेल का, लांबची वाट आखूड होईल का, हेच सदा त्याच्या डोक्यात. या खोडीमुळे राज्याची भरभराट झाली होती, तेव्हा तिला खोड म्हणायला कोणी धजत नव्हतं.

राणी बाळंतपणात गेली होती. मागे एक मुलगी राहिली होती, कमळजा. ती आता चार वर्षांची होती आणि तिच्या तोंडाला क्षणभर विसावा नसे. झाडाशी बोलायची, मांजराशी बोलायची, स्वतःच्या सावलीशीसुद्धा भांडायची. तिला सांभाळणारी साळूदाई म्हणायची, "ही पोर झोपेत तेवढी गप असती, आन् तवाबी कधीमधी हसती."

त्या राज्यात पाच वर्षं पुरी होईपर्यंत मुलाला काही म्हणून शिकवत नसत. बायका दळायला बसल्या की मूल त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचं आणि जात्याची घरघर नि ओव्या ऐकत झोपी जायचं. जागं झालं की त्याला मूठभर दाणे जात्यात टाकू द्यायचे. एवढीच काय ती शाळा.

कमळजा राजाचा जीव की प्राण होती, पण तिच्याजवळ बसायला त्याला सवड नसायची. संध्याकाळी तो तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "शहाणी हो हं. माझ्यामागे हे सगळं तुलाच बघायचंय."

"आबा, बसा ना," ती म्हणायची.

"उद्या," राजा म्हणायचा, आणि निघून जायचा.

एकदा दरबारात दूरदेशीचा एक पाहुणा आला. जेवताना त्याने सहज विचारलं, "राजकन्या काय काय शिकली?" कोणीतरी म्हणालं, "जात्यात दाणे टाकायला." सगळे हसले. पाहुणाही हसला. राजाला मात्र तो घास गिळवेना. आपली लेक जगाच्या मागे पडते आहे, हे त्याच्या मनाने घेतलं. जिथे जिथे मुलं उत्तम घडतात तिथे जाऊन त्यांची रीत पाहायची आणि घेऊन यायची, असं ठरवून तो घोड्यावर बसला.

आधी तो नदीकाठच्या एका नगरात गेला. तिथे पहाटे घाटावर चार-चार वर्षांची मुलं लांबच लांब श्लोक न अडखळता म्हणत होती. प्रत्येक मूल एकेका आजोबाच्या मांडीत, त्यांच्या छातीला पाठ टेकून बसलेलं. आजोबा ओळ म्हणायचे, मूल ती उचलायचं. चुकलं तर आजोबा रागवत नसत, तीच ओळ पुन्हा म्हणत. राजा थक्क झाला. 'पाठांतर उत्तम,' तो मनाशी म्हणाला, 'मांडी मात्र जास्तीची. तेवढ्या वेळात हे म्हातारे दुसरं काही काम करतील.'

मग तो डोंगरातल्या एका गावी पोचला. त्या गावात वरच्या टोकाला एक झोपडी होती आणि तिच्यात एक विस्तव कायम जागता ठेवलेला असे. सांज झाली की गावातल्या साऱ्या चुली त्याच विस्तवावर पेटायच्या, आणि तो घरोघर न्यायचं काम असायचं चार वर्षांच्या मुलांचं. खापरात राख घालायची, राखेवर निखारा ठेवायचा, आणि मूल एकटं उतारावरून चालू लागायचं. बरोबर कोणी नाही, मागे कोणी नाही. दगडधोंड्यांतून तुरुतुरु पावलं टाकत ती मुलं आपापल्या चुलीपर्यंत विस्तव नेत होती.

राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढीशी मुलं आणि एवढं धैर्य! वाटेवरच्या प्रत्येक घराच्या दारात कोणी ना कोणी उभं होतं, तेही त्याला दिसलं. त्याने बरोबरच्या सरदाराला विचारलं, "ही माणसं दारात कशाला उभी आहेत?"

सरदार म्हणाला, "गावाकडची माणसं, महाराज. सांजेला काम नसतं त्यांना."

राजाला ते पटलं. हव्या होत्या तशा दोन रीती मिळाल्या, म्हणून तो खुशीत परतला.

वाड्यावर आल्याबरोबर फर्मानं सुटली. जातं मागच्या परसात हलवलं. सकाळी कमळजाने एका मोकळ्या दालनात पाटावर ताठ बसायचं आणि समोर दूर बसलेल्या शास्त्रीबुवांकडून श्लोक घ्यायचे. संध्याकाळी मुदपाकखान्यातून निखारा घ्यायचा, वाड्याचा लांबलचक सोपा एकटीने ओलांडायचा आणि राजाच्या दालनातली शेगडी पेटवायची. वाटेवर चिटपाखरूही असता कामा नये. निखारा विझता कामा नये.

साळूदाईने हात जोडले. "महाराज, लई ल्हान हाय वो लेकरू. मी निस्ती मागनं चालते. बोलायची न्हाई, हात लावायची न्हाई."

"मग ती धीट कशी होईल?" राजा म्हणाला. "डोंगरातली मुलं एकटी जातात. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय." आणि त्याने दाईला तिच्या खोलीतून संध्याकाळी बाहेर पडायची मनाई केली.

कमळजा शिकली. भराभर शिकली. श्लोक तोंडपाठ झाले. रोज सांजेला ती रिकाम्या सोप्यातून खापर सांभाळत यायची. राजा कामात असायचा. मान वर न करता म्हणायचा, "शाब्बास. ठेव तिथं." ती ठेवायची आणि परत जायची.

तिची बडबड हळूहळू कमी झाली. झाडाशी बोलणं थांबलं, सावलीशी भांडण मिटलं. राजाला वाटलं, पोरीला पोच आली. खरं सांगायचं तर त्याला आनंदच झाला होता.

मग एका संध्याकाळी वारा सुटला. सोप्यातलं एक दार धाडकन आपटलं. कमळजा दचकली, खापर हातातून पडून फुटलं आणि निखारा फरशीवर गडगडत गेला. ती उभी राहिली. तिने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. सोपा रिकामा होता. निखारा विझता कामा नये, एवढंच तिला सांगितलेलं होतं. तिने वाकून तो मुठीत उचलला आणि चालू लागली.

राजाच्या दालनात येऊन तिने मूठ शेगडीवर उघडली.

"शाब्बास," राजा म्हणाला.

ती गेली नाही. तिथेच उभी राहिली. मग राजाला कसला तरी वास आला आणि त्याने मान वर केली. लेकीचा तळहात पाहून त्याच्या तोंडून किंकाळी फुटली. पोर मात्र रडत नव्हती.

त्याने तिला उचललं, छातीशी धरलं. "बाळा, हाक का नाही मारलीस?"

कमळजाने त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणाला?"

त्यानंतर ती बोललीच नाही. वैद्यांनी लेप लावले, जखम भरली, पण उजव्या हाताची दोन बोटं वाकली ती वाकलीच. श्लोक गेले, हाका गेल्या, हसणंही गेलं. साळूदाई तिला कुशीत घेऊन तासन् तास बसायची आणि पोर भिंतीकडे बघत राहायची.

दुःख सोसवेना तेव्हा राजाच्या मनात त्याचा राग झाला. त्या डोंगरातल्या लोकांनीच आपल्याला फसवलं, त्यांची रीतच वाईट, असं म्हणत तो पुन्हा घोड्यावर बसला. गावाच्या वरच्या टोकाला, विस्तव राखणाऱ्या म्हातारीच्या झोपडीपुढे तो उतरला आणि ओरडला, "तुमच्या रीतीनं माझी लेक भाजली!"

म्हातारी घाबरली नाही. तिचा चेहरा पडला. "ल्हान पोर भाजलं?" तिने विचारलं. "कोनच्या दारापुढं?"

"कोणत्या दारापुढं म्हणजे? सोप्यात."

"आन् वाटेवर कोन उभं व्हतं?"

"कोणी नाही. तुमची मुलं एकटी जातात, तशीच तीही."

म्हातारीने विस्तवावरची राख बाजूला सारली. मग म्हणाली, "सांज झाली, राजा. आधी विस्तव जाऊ दे, मग काय ते बोल."

एक लहान मुलगी पुढे आली. म्हातारीने तिच्या खापरात निखारा ठेवला. मुलगी उतारावरून निघाली. पहिलं दार ओलांडलं, दुसरं ओलांडलं, आणि तिसऱ्या घरापाशी थबकली. त्या दारात कोणी नव्हतं. तिथला म्हातारा नुकताच वारला होता. मुलगी जराशी थांबली, वळली आणि खापर सांभाळत परत वर आली.

"आजे," ती म्हणाली, "तिथं कोन न्हाई."

"बरं केलंस, मागं आलीस," म्हातारी म्हणाली. मग राजाकडे वळून तिने बोट दाखवलं. "जा. त्या दारात उभा ऱ्हा."

राजा गोंधळला. "तिथं काय करू?"

"काय बी नको करू. तुला ती दिसली पायजे आन् तिला तू दिसला पायजेस. तिच्याकडं बघत ऱ्हा, फुडल्या दारातलं मानूस तिला बघंपातूर."

राजा त्या दारात जाऊन उभा राहिला. त्याला वाटलं होतं, यात काय अवघड आहे? पण हात कुठे ठेवावे ते कळेना. मन राज्याच्या कामाकडे धावू लागलं. तेवढ्यात ती मुलगी दुसऱ्या दारापासून पुढे सरली आणि राजाला तिची पावलं दिसली. पावलापुढचा सुटा दगड दिसला. वारा कुठून येतो आहे ते जाणवलं. आता पडली तर किती ढांगांत पोचू, हे त्याचं मन आपोआप मोजायला लागलं. मुलीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, माणूस आहे याची खात्री करून घेतली आणि त्याच्यासमोरून पुढे गेली. पुढच्या दारातल्या बाईने राजाकडे बघून किंचित मान हलवली, तेव्हा कुठे त्याने नजर सोडली.

ज्यांना तो रिकामटेकडी समजला होता, ती माणसं रोज सांजेला हे एवढं काम करत होती. मग त्याला घाटावरचे आजोबा आठवले आणि मुलांच्या पाठीला टेकलेल्या त्यांच्या छात्या आठवल्या. परसात टाकलेलं जातं आठवलं, साळूदाईचे जोडलेले हात आठवले. प्रत्येक ठिकाणी जे जास्तीचं म्हणून त्याने काढून टाकलं होतं, तेच तेवढं शिकवत होतं. राजा त्या परक्या उंबऱ्यावर बसला आणि मोठ्याने रडला. कोणी त्याला गप्प केलं नाही. म्हातारी येऊन शेजारी बसली, इतकंच.

तो परत आला. त्याने स्वतःच्या हातांनी जातं आत आणलं आणि साळूदाईच्या पायांशी बसून तिची क्षमा मागितली. दाई म्हणाली, "माझी नगा मागू, महाराज. तिच्याजवळ बसा."

मग राजा बसू लागला. 'उद्या' हा शब्द त्याने टाकला. दुपारी बायका दळताना तो लेकीशेजारी जमिनीवर बसायचा. तिच्या चांगल्या हातात दाणे ठेवायचा. कधी ती ते जात्यात टाकायची, कधी तसेच गळू द्यायची. आणि रोज संध्याकाळी तो सोप्याच्या मधोमध नुसता उभा राहायचा. निखारा न्यायला तिला कोणी सांगत नव्हतं. दरबारी कुजबुजायचे की महाराजांचं डोकं फिरलं. पावसाळा गेला, थंडी गेली, राजा उभाच राहिला.

एका संध्याकाळी मुदपाकखान्याच्या दारात कमळजा दिसली. डाव्या हातात खापर, वाकलेल्या उजव्या हाताचा त्याला आधार. मागे दारात साळूदाई उभी होती. राजा जागचा हलला नाही. पोर चालू लागली. अर्ध्या वाटेवर वाऱ्याने तेच दार पुन्हा आपटलं आणि ती गोठल्यासारखी थांबली. खापर हलू लागलं.

"आबा?" ती म्हणाली.

"आहे," राजा म्हणाला. "मी इथंच आहे."

तिने त्याच्याकडे नीट बघून घेतलं आणि पुढचं पाऊल टाकलं.

कमळजा पुन्हा बोलू लागली, पुढे राणीही झाली. पण ती दोन बोटं कधी सरळ झाली नाहीत, आणि मरेपर्यंत राजाला ती रोज दिसत राहिली. तिच्या राज्यात कोणी मुलांना श्लोक शिकवले, कोणी जात्यापाशी झोपवलं, कोणी हातात निखारा दिला. तिने कशालाच अडवलं नाही. फक्त राजवाड्याच्या लांब सोप्यात, सांजेला, एक तरी माणूस काही न करता उभं असायचं, आणि त्याला दुसरं कुठलंही काम सांगायची कोणाला परवानगी नव्हती.

तेव्हा मुलं वाढवणाऱ्यांनी इतकं ध्यानात धरावं: रीत कुठल्याही देशाची चालते, पण मुलाच्या वाटेवर उभं राहणारं माणूस आपल्यालाच व्हावं लागतं.