गुळाची गाठी

एका बंदराच्या गावात वेणूबाई नावाची एक हलवाईण राहत होती. पाडवा जवळ आला की तिच्या अंगणात साखरेच्या पांढऱ्याशुभ्र गाठ्या वाळत पडत. गुढीला घालायची गाठी वेणूबाईची, आणि पोरांच्या गळ्यातलीही तिचीच. तिला मागेपुढे कोणी नव्हते. वर्षाचे पोट त्या पंधरा दिवसांवर चाले.

एका पाडव्याला गलबतातून उतरलेला एक परका माणूस तिच्या दारी पाणी मागायला आला. त्याचे नाव जुमा. सणाला आलेल्याला रिकामे कसे पाठवायचे, म्हणून वेणूबाई त्याच्या गळ्यात गाठी घालायला गेली. तो दचकून मागे सरला आणि त्याने दोन्ही हातांनी मान झाकली.

“अरे बाबा, साखर आहे ती. चावत नाही,” वेणूबाई हसून म्हणाली.

“ठाऊक आहे, बाय. ती मीच करत होतो.”

त्याने हात काढले. गळ्याभोवती लोखंडी कड्याचा काळा वळ होता. समुद्रापलीकडच्या बेटावर माणसे विकत घेऊन उसाच्या मळ्यात गुरांसारखी राबवत. तिथलीच साखर या बंदरात उतरत असे. जुमा तिथून पळून आला होता.

“माझी धाकटी बहीण झैना अजून तिथंच आहे,” तो म्हणाला.

त्या दिवशी वेणूबाईला पुरणपोळीचा घास गिळवला नाही.

पुढच्या वर्षी तिने साखर घेतलीच नाही. साखरेचे व्यापारी दामशेट स्वतः दारात आले. “वेणूबाई, तुम्ही एकटीनं पोतं नाकारलं म्हणून बेटावरचं एक तरी माणूस सुटणार आहे का?”

“नसेल सुटत. पण त्या पोरीला बांधलेल्या साखळीचं एक टोक माझ्या हातात होतं, शेट. ते मी सोडलं.”

तिने घाटावरच्या शेतकऱ्यांचा गूळ आणून गाठ्या केल्या. त्या काळपट झाल्या, वाकड्या झाल्या. चैत्राच्या उन्हात पाघळल्या. त्यांना मुंग्या लागल्या.

“अगं वेणू, गुढीला चिखल बांधू का?” शेजारच्या गंगूकाकूंनी टोमणा मारला. बायका दुसऱ्या हलवायाकडे गेल्या. वेणूबाई पेज पिऊन दिवस काढू लागली. पण गाठी अशी काळी का, असे जो विचारी, त्याला ती झैनाची गोष्ट सांगे.

तिसऱ्या वर्षी दामशेटांनी साखरेचे एक पोते तिच्या ओट्यावर फुकट ठेवले. घरात मूठभर तांदूळ होते. वेणूबाई पोत्याजवळ बसून राहिली. एकदा तिने साखरेत हातही घातला. मग हात झटकला, पोते तसेच बांधले आणि गडी बोलावून परत धाडले.

दुसऱ्या दिवशी गंगूकाकू आल्या. मान खाली होती. “माझी नात रोज विचारते, आजी, झैना सुटली का? काय सांगू तिला? दे बाई, तुझी ती वेडीवाकडी गाठी.”

त्या वर्षी सात घरांनी गुळाची गाठी नेली. पुढच्या वर्षी साऱ्या आळीने नेली. खलाशांनी ही गोष्ट दुसऱ्या बंदरांत नेली. तिथल्या बायकांनीही साखर सोडली, हमालांनी पोती उतरवायचे नाकारले, ते बेटही ज्याच्या ताब्यात होते, त्या राजाकडे लोकांनी अर्जांवर अर्ज केले. दामशेटांची गलबते भरलेलीच परत जाऊ लागली. बारा वर्षे गेली. शेवटी राजाने हुकूम काढला, माणसाने माणूस विकत घ्यायचा नाही, आणि घेतलेला सोडून द्यायचा.

त्या पाडव्याला जुमा पुन्हा आला. बरोबर एक बाई होती. तिच्याही गळ्यावर वळ होता.

वेणूबाई आता थकली होती. तिने या वेळी गाठी गळ्यात घालायला हात उचलला नाही. तळहातावर धरून नुसती पुढे केली. झैनाने गाठीकडे पाहिले, म्हातारीकडे पाहिले, आणि आपणहून मान वाकवली.

ऊन कडक होते. गूळ पाघळून त्या वळावर ओघळला. झैनाने तो बोटाने पुसला आणि चाटून टाकला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या बेडीतून आलेली गोडी आपण नाकारावी. एकट्याच्या नकाराने बेडी तुटत नाही, पण तुटायला सुरुवात तिथूनच होते.